तांब्यात मीठ किती? ऑक्सिक्लोरिनेशनचा उत्प्रेरक बनवायला शिकताना

प्रयोगशाळेत नवीन मुलं आली की मी त्यांच्यासमोर दोन बाटल्या ठेवतो. एकीत ॲल्युमिनावर (ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडवर) बसवलेलं क्युप्रिक क्लोराइड, म्हणजे दोन धनभारांच्या तांब्याचं क्लोराइड असतं. दुसरीतही तेच, फक्त सोबत थोडं पोटॅशियम क्लोराइड. मग विचारतो, यातला चांगला उत्प्रेरक कोणता? बहुतेक जण दुसऱ्या बाटलीकडे बोट दाखवतात. काहीतरी जास्तीचं घातलंय, म्हणजे सुधारणाच असणार, असा हिशोब. संध्याकाळी चाचणीचे आकडे येतात आणि पोटॅशियमवाला मंद निघतो. तरी कारखान्यातले लोक पोटॅशियम मुद्दाम घालतात, विकत घेऊन घालतात. हे कोडं सुटलं की निम्मा विषय कळला असं समजा. पुढे जे लिहिलंय ते त्या कोड्यापर्यंत पोचायची वाट आहे. रसायनशास्त्रात पदवी झालेली आणि उत्प्रेरकाला पहिल्यांदाच हात लावणारी व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय.

आधी, हे सगळं कशासाठी

विहिरीवरून शेतात गेलेला करडा पाइप पीव्हीसीचा. आपल्याकडे रत्नागिरीजवळ समुद्रकाठी पीव्हीसीचा मोठा कारखाना आहे, तो अनेकांनी पावसला जाता-येता पाहिला असेल. पीव्हीसी बनतं व्हिनाइल क्लोराइडपासून आणि व्हिनाइल क्लोराइड बनतं ईडीसीपासून. ईडीसी म्हणजे एथिलीन डायक्लोराइड, दोन कार्बन आणि त्यांच्यावर एकेक क्लोरीन. ईडीसी सुमारे ५०० अंश सेल्सिअसला तापवलं की व्हिनाइल क्लोराइड मिळतं आणि सोबत तितकेच रेणू हायड्रोजन क्लोराइडचे सुटतात. याचा अर्थ विकत घेतलेल्या क्लोरीनपैकी निम्मा आम्ल होऊन हातात परत येतो.

हे आम्ल टाकून देणं परवडत नाही. म्हणून ते पुन्हा एथिलीनला जोडतात, ऑक्सिजनच्या मदतीने. एक एथिलीन, दोन हायड्रोजन क्लोराइड आणि अर्धा ऑक्सिजन मिळून एक ईडीसी आणि एक पाणी. हेच ऑक्सिक्लोरिनेशन. तापमान साधारण २२० ते २५० अंश, दाब काही बार, आणि प्रत्येक मोल ईडीसीमागे सुमारे २३९ किलोज्यूल उष्णता बाहेर. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, नंतर तोच आपल्याला छळणार आहे.

तांब्याची निवड काही काल-परवाची नाही. हेन्री डीकन यांनी १८६८ मध्ये इंग्लंडमध्ये हायड्रोजन क्लोराइडपासून क्लोरीन परत मिळवण्याची पद्धत पेटंट केली, तीही तांब्याच्या क्लोराइडवरच. ती चालायची ४०० अंशांच्या वर. तिथे तांब्याचं क्लोराइड हळूहळू वाफ होऊन उडून जायचं, आणि ही डोकेदुखी पुढच्या पिढ्यांनी वारशात घेतली. पुढे त्याच पद्धतीत पोटॅशियम आणि दुर्मिळ मृदा धातूंची (लँथॅनम, सेरियम वगैरेंची) क्लोराइडं घालून पाहिली गेली. आपण ज्यांना आज ॲडिटिव्ह म्हणतो त्यांचा पूर्वज तिथे आहे.

पायरी १ : तांबं नेमकं काय करतं

उत्प्रेरक बनवायच्या आधी कागदावर तीन ओळी लिहा आणि टेबलासमोर चिकटवा.

पहिली ओळ, क्षपण: एथिलीन दोन क्युप्रिक क्लोराइडकडून एकेक क्लोरीन घेतं, ईडीसी होतं, आणि मागे दोन क्युप्रस क्लोराइड (एका धनभाराच्या तांब्याचं क्लोराइड) उरतात.

दुसरी ओळ, ऑक्सिडीकरण: क्युप्रस क्लोराइड ऑक्सिजन घेऊन तांब्याचं ऑक्सिक्लोराइड बनतं.

तिसरी ओळ, पुन्हा क्लोरीन भरणं: त्या ऑक्सिक्लोराइडवर हायड्रोजन क्लोराइड येतं, पाणी बाहेर पडतं, क्युप्रिक क्लोराइड परत तयार.

रहाटगाडग्यासारखं चक्र आहे. पोहरे भरतात, रिकामे होतात, पुन्हा भरतात. गाडगं किती वेगाने फिरेल हे सगळ्यात मंद पोहरा ठरवतो. इटलीत लेओफान्ती, तोरिनो विद्यापीठातले लांबेर्ती आणि सहकाऱ्यांनी २००० च्या आसपास हे चक्र टप्प्याटप्प्याने उलगडलं. नंतर फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या सिंक्रोट्रॉनवर (अतिशय प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर), प्रक्रिया चालू असतानाच क्ष-किरण टाकून तांबं कोणत्या अवस्थेत आहे ते पाहिलं. ॲडिटिव्ह नसलेल्या उत्प्रेरकात काम चालू असताना तांबं बहुतांशी क्युप्रस दिसलं. म्हणजे एथिलीन क्लोरीन पटापट ओढून घेतं, पण ऑक्सिजन तांब्याला परत उभं करायला वेळ लावतो. पोटॅशियम घातलेल्या उत्प्रेरकात चित्र उलटं निघालं: तांबं बहुतांशी क्युप्रिक. आता अडलेला टप्पा होता पहिला, एथिलीनला क्लोरीन सहज सुटत नव्हता.

माझ्या मते या विषयातलं हे सगळ्यात कामाचं निरीक्षण आहे. ॲडिटिव्ह म्हणजे वेग वाढवणारं किंवा घटवणारं औषध असं समजलात तर गोंधळ होतो. ते चक्रातला अडलेला टप्पाच बदलतं. त्यामुळे कुणी सांगितलं की अमुक धातू घातल्याने क्रियाशीलता वाढली, तर पहिला प्रश्न विचारा: कोणत्या टप्प्याची?

पायरी २ : ॲल्युमिना किती तांबं गिळतो ते काढा

आधार म्हणून गॅमा ॲल्युमिना वापरतात, साधारण १०० ते २०० चौरस मीटर प्रति ग्रॅम पृष्ठभागाचा. हा आधार निरुपद्रवी ताटलीसारखा नसतो. त्याच्या पृष्ठभागावर रिकाम्या जागा असतात आणि सुरुवातीचं तांबं त्यात जाऊन बसतं. तिथे तयार होतं पृष्ठीय कॉपर ॲल्युमिनेट. ते ना क्षपण पावतं, ना ईडीसी बनवतं. तोरिनोच्या गटाने याची मर्यादा मोजली: १०० चौरस मीटर पृष्ठभागामागे वजनाने जवळपास ०.९५ टक्के तांबं. त्यापेक्षा जास्त घातलेलं तांबं क्लोराइड म्हणून वर पसरतं, आणि तेच काम करतं.

हिशोब करून पाहू. तुमच्या ॲल्युमिनाचा पृष्ठभाग १८० चौरस मीटर प्रति ग्रॅम आहे. ०.९५ ला १.८ ने गुणा, उत्तर १.७१. म्हणजे १०० ग्रॅम ॲल्युमिना सुमारे १.७ ग्रॅम तांबं गिळून ढेकरही देणार नाही. तुम्ही ५ ग्रॅम तांबं घातलं असेल तर एक तृतीयांश कायमचं अडकलं. २ ग्रॅमच घातलं असेल तर उत्प्रेरक जवळजवळ मेलेलाच जन्मला.

नवखे लोक इथे चुकतात. कमी तांब्याचे नमुने बनवून त्यांवर ॲडिटिव्हची तुलना करतात आणि मग फरक ॲडिटिव्हचा की अडकलेल्या तांब्याचा हे कळत नाही. तुलना करायची तर तांबं या मर्यादेच्या बऱ्यापैकी वर ठेवा आणि सगळ्या नमुन्यांत तेवढंच ठेवा.

पायरी ३ : कोणतं ॲडिटिव्ह कुठे जाऊन बसतं

ॲडिटिव्ह निवडण्याआधी स्वतःला विचारा: हे ॲल्युमिनाशी संसार थाटणार की तांब्याशी? कारण बरीचशी ॲडिटिव्हं या दोन घरांत विभागलेली आहेत.

मॅग्नेशियम आणि लिथियम ॲल्युमिनाच्या घरातले. हे लहान आयन ॲल्युमिनाच्या त्याच रिकाम्या जागांसाठी तांब्याशी स्पर्धा करतात. ते आधी जाऊन बसले की तितकं तांबं गिळलं जात नाही, वर क्लोराइड म्हणून मोकळं राहतं. तांबं तेवढंच घातलं, पण कामाचं तांबं वाढलं. मॅग्नेशियम क्लोराइड उद्योगात लोकप्रिय आहे त्याचं हे एक कारण. दुसरं कारण फ्लुइडाइज्ड बेडचं, म्हणजे उत्प्रेरकाची पूड वायूच्या झोतात तरंगत ठेवणाऱ्या रिॲक्टरचं आहे, त्याकडे शेवटी येतो.

पोटॅशियम आणि सिझियम तांब्याच्या घरातले. हे मोठे आयन ॲल्युमिनाच्या खाचांत बसत नाहीत. ते तांब्याच्या क्लोराइडशी मिसळून मिश्र क्लोराइड बनवतात. त्यात तांबं क्युप्रिक अवस्थेत जास्त टिकतं आणि एथिलीनला क्लोरीन सोडायला कुरकुर करतं. म्हणून क्रियाशीलता घटते. आणखी एक गोष्ट इथे दडलेली आहे. क्युप्रस क्लोराइड एकटं वितळायला ४०० अंशांच्या वर जावं लागतं, पण पोटॅशियम क्लोराइडसोबत योग्य प्रमाणात मिसळलं तर १५० अंशांच्या आसपासच वितळतं. म्हणजे रिॲक्टरच्या तापमानाला उत्प्रेरकाच्या छिद्रांत वितळलेल्या मिठाचा थर असू शकतो. तुम्ही कोरडी पूड समजून हाताळता, आत मात्र ओल असते.

लँथॅनम आणि सेरियम ही तिसरी जात. यांचा भर ऑक्सिडीकरणावर असतो. सेरियम स्वतःच दोन अवस्थांत ये-जा करतं, त्यामुळे ऑक्सिजन पोचवण्यात हातभार लावतं. लँथॅनमचं ऑक्सिक्लोराइड हायड्रोजन क्लोराइड मिळालं की क्लोराइड बनतं, म्हणजे क्लोरीनची जणू छोटी टाकीच. पोटॅशियमने मंद केलेल्या उत्प्रेरकात जोडीला दुर्मिळ मृदा धातू घालायची रीत आहे, ती यामुळेच.

आता राहिला आम्लीपणा. उघड्या ॲल्युमिनावर लुईस आम्ल जागा, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ओढणाऱ्या जागा असतात. त्या नसत्या भानगडी करतात. एथिलीनला सरळ हायड्रोजन क्लोराइड जोडून एथिल क्लोराइड बनवतात. ईडीसीतून हायड्रोजन क्लोराइड काढून व्हिनाइल क्लोराइड बनवतात, मग त्याला पुढे आणखी क्लोरीन चिकटतो आणि ट्रायक्लोरोइथेन तयार होतं. कोक, म्हणजे काजळीसारखा कार्बनही साचतो. क्षारधातूंची क्लोराइडं या जागा झाकतात किंवा त्यांचा जोर कमी करतात. पोटॅशियम घातल्यावर वेग घटतो पण ईडीसी स्वच्छ मिळतं, ते यामुळे. आधारावरच्या आम्ल जागा मोजायच्या असतील तर कार्बन मोनॉक्साइड किंवा पिरिडिन चिकटवून अवरक्त वर्णपट घेतात. सोय असेल तर एकदा तरी करून पाहा, पृष्ठभागाबद्दलची समजच बदलते.

पायरी ४ : वजनं मोलमध्ये ठरवा, टक्क्यांत नाही

बाजारात उत्प्रेरकांची माहिती वजनाच्या टक्क्यांत लिहिलेली असते. तुलना करताना मात्र ती फसवते, कारण १ टक्का लिथियम आणि १ टक्का सिझियम यांत अणूंची संख्या जवळपास १९ पट वेगळी. म्हणून वहीत ॲडिटिव्ह आणि तांब्याचं मोल-प्रमाण लिहा.

१० ग्रॅम ॲल्युमिनासाठी माझा नेहमीचा हिशोब असा. तांबं ०.५ ग्रॅम, म्हणजे ७.८७ मिलिमोल. ते क्युप्रिक क्लोराइड डायहायड्रेटमधून घ्यायचं, रेणूभार १७०.५, वजन १.३४ ग्रॅम. पोटॅशियम निम्म्या मोलात हवं तर पोटॅशियम क्लोराइड ०.२९ ग्रॅम. त्याच मोल-प्रमाणात मॅग्नेशियम हवं तर हेक्साहायड्रेट ०.८० ग्रॅम. लँथॅनम तांब्याच्या पाव मोलात घ्यायचं तर हेप्टाहायड्रेट ०.७३ ग्रॅम.

मॅग्नेशियम आणि लँथॅनमची मिठं हवेतलं पाणी ओढतात, लिथियमचं तर तराजूवर ठेवल्या ठेवल्या पाघळतं. जुन्या बाटलीवर हेक्साहायड्रेट लिहिलेलं असलं तरी आत सहाच पाणी असतील याची खात्री नाही. शंका असेल तर द्रावणातल्या धातूचं प्रमाण काढून घ्या.

पायरी ५ : पोहे भिजवता तसं

छिद्रांत मावेल एवढ्याच द्रावणाने आधार भिजवायचा. पोहे भिजवताना जसं करतो तसंच: पाणी शिंपडायचं, हलकेच परतायचं, दाणा न् दाणा मऊ व्हावा पण ताटलीत पाणी उरू नये.

आधी ॲल्युमिनाची पाणी पिण्याची क्षमता काढा. १ ग्रॅम कोरडी पूड घ्या, थेंब थेंब पाणी घाला, काचेच्या काडीने हलवत राहा. पूड सुटी राहते, राहते, आणि एका थेंबाला अचानक गोळा बनून काडीला चिकटते. तो क्षण. समजा १ ग्रॅमला ०.५ मिलिलिटर लागलं, तर १० ग्रॅमला ५ मिलिलिटर द्रावण हवं. द्रावण म्हणतोय, पाणी नाही. मिठांमध्ये स्फटिकजल असतं आणि मिठाचंही आकारमान असतं, म्हणून मिठं मोजनळीत घ्या, थोडं पाणी घालून विरघळवा आणि मग ५ मिलिलिटरच्या खुणेपर्यंत भरा. द्रावण गढूळ वाटलं तर हायड्रोक्लोरिक आम्लाचा एखादा थेंब पुरे होतो.

ॲडिटिव्हचं मीठ आणि तांबं एकत्र घालायचं की पाठोपाठ? हा खरा प्रश्न आहे. मॅग्नेशियम आधी घालून वाळवलं तर ते खाचांत आधी बसतं. तांब्यासोबत घातलं तर दोघांत झटापट होते. क्रम बदलला की नमुना बदलतो, म्हणून वहीत क्रम लिहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. नवशिक्यांनी एकत्र घालूनच सुरुवात करावी, चुकायच्या जागा कमी.

भिजवल्यावर तासभर झाकून ठेवा, मग ११० ते १२० अंशांना रात्रभर वाळवा. बस्स. सवयीने ५०० अंशांच्या भट्टीत भाजायला नेऊ नका. हवेत इतकं तापवलं की क्लोरीन निघून जातो, तांब्याचं ऑक्साइड होतं, शिवाय जास्तीचं तांबं ॲल्युमिनात शिरतं. ऑक्साइड उत्प्रेरकांवर काम केलेली मुलं हे हमखास करतात, हात आपोआप भट्टीकडे जातो.

वाळलेली पूड हवाबंद ठेवा. उघडी राहिली तर हवेतल्या ओलाव्याने क्युप्रिक क्लोराइडचं हळूहळू जलविघटन होतं आणि पॅराटॅकामाइट नावाचं हिरवट हायड्रॉक्सिक्लोराइड तयार होतं. सोमवारी पिवळसर दिसलेली बाटली शुक्रवारी हिरवी दिसली तर दचकू नका, पण आपण आता नेमकं काय तपासतोय याचा विचार जरूर करा. चाचणीआधी रिॲक्टरमध्ये तापवून, हायड्रोजन क्लोराइड देऊन तो बदल बऱ्याच अंशी परतवता येतो.

पायरी ६ : रिॲक्टर भरताना

उष्णतेचा आकडा आठवतोय? शुद्ध उत्प्रेरक नळीत गच्च भरला तर मध्यभागी तापमान झपाट्याने चढतं, आणि मग तुम्ही २३० अंशांची नव्हे, भलत्याच तापमानाची चाचणी करत असता. ०.२ ग्रॅम उत्प्रेरक घेऊन त्यात चार-पाच पट सिलिकॉन कार्बाइड मिसळा आणि थर्मोकपलचं (तापमान मोजणाऱ्या तारेचं) टोक थरातच ठेवा, भिंतीला नको.

नळी काचेची किंवा क्वार्ट्झची बरी. धातू वापरायचा तर निकेलच्या मिश्रधातूंचा. साधं स्टेनलेस स्टील कोरड्या हायड्रोजन क्लोराइडला थोडंफार सहन करतं, पण प्रक्रियेत पाणी तयार होतं आणि ओलं आम्ल स्टीलला खातं.

यावरून माझीच फजिती. पहिल्या वर्षी मी बाहेर जाणारी नळी गरम ठेवायचं विसरलो होतो. रिॲक्टर संपल्यावर हातभर अंतरात पाणी थंड होऊन साचलं, आणि उरलेलं आम्ल त्यात विरघळून बसलं. पुढच्या बाटलीतल्या टायट्रेशनमध्ये आम्ल सापडेचना. मी आनंदाने वहीत लिहिलं, हायड्रोजन क्लोराइडचं रूपांतर ९८ टक्के. तीन दिवस मी हुशार होतो. चौथ्या दिवशी जोडातून हिरवट थेंब टपकला. तेव्हापासून बाहेरची नळी १२० अंशांच्या वर ठेवल्याशिवाय मी एकही आकडा खरा मानत नाही.

सुरक्षेबद्दल दोनच गोष्टी, पण त्यांवर तडजोड नाही. एथिलीनची हवेतली स्फोटमर्यादा साधारण २.७ ते ३६ टक्के, म्हणून ऑक्सिजनसोबत ते नायट्रोजनमध्ये भरपूर पातळ करूनच सोडा आणि मिश्रण या पट्ट्याबाहेर आहे हे दरवेळी तपासा. दुसरं, व्हिनाइल क्लोराइडने माणसांना कर्करोग होतो हे सिद्ध झालंय, ईडीसीलाही संभाव्य कर्ककारक मानतात, आणि तांबं, क्लोरीन आणि कार्बन या तापमानाला एकत्र आले की डायॉक्सिनही बनतात. वापरलेला उत्प्रेरक ब्रशने झाडून काढायचा नाही. हूडच्या (वायू बाहेर ओढणाऱ्या कपाटाच्या) आत, हातमोजे घालून, बंद डब्यात.

पायरी ७ : दोन चाचण्या, दोन वेगळे प्रश्न

पहिली चाचणी ऑक्सिजनशिवाय. उत्प्रेरक २३० अंशांना आणा आणि फक्त एथिलीनचे छोटे छोटे झटके सोडा. सुरुवातीला ईडीसी भरपूर येतं, मग कमी, मग थांबतं. एकूण किती आलं ते बेरीज करा. ही बेरीज म्हणजे कामाच्या तांब्याची शिरगणती, कारण दोन तांब्यांमागे एकच ईडीसी मिळू शकतं.

आपल्या उदाहरणात एक ग्रॅम वाळलेल्या उत्प्रेरकात सुमारे ०.७१ मिलिमोल तांबं आहे. ०.२ ग्रॅममध्ये ०.१४२. त्यातलं एक तृतीयांश ॲल्युमिनाने गिळलं असेल तर उरलं ०.०९४, आणि त्यापासून जास्तीत जास्त ०.०४७ मिलिमोल ईडीसी. मॅग्नेशियमवाल्या नमुन्यात हाच आकडा ०.०५५ आला तर कामाचं तांबं ०.११ झालं, म्हणजे मॅग्नेशियमने काही खाचा खरंच अडवल्या. पोटॅशियमवाल्यात बेरजेपेक्षा चाल बघा. झटक्यांमागून झटके जातात आणि ईडीसी थोडं थोडं, रेंगाळत येतं. क्लोरीन घट्ट धरला गेलाय.

दुसरी चाचणी पूर्ण मिश्रणाने: एथिलीन, हायड्रोजन क्लोराइड, ऑक्सिजन, १ : २ : ०.५ च्या आसपास, सोबत नायट्रोजन. रूपांतर मुद्दाम कमी ठेवा, २० टक्क्यांच्या आत. शंभर टक्के रूपांतरावर सगळे उत्प्रेरक सारखेच हुशार दिसतात. एथिलीन, ईडीसी आणि इतर क्लोराइडं गॅस क्रोमॅटोग्राफवर, उरलेलं आम्ल पाण्यात पकडून सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेशन करून. दरवेळी कार्बनचा आणि क्लोरीनचा जमाखर्च मांडा. आत गेलेल्याच्या ९५ ते १०५ टक्के बाहेर दिसत नसेल तर निष्कर्ष काढू नका, गळती शोधा.

उपपदार्थांकडे कानाडोळा करू नका. एथिल क्लोराइड वाढलं तर आम्ल जागा उघड्या आहेत. कार्बन डायऑक्साइड वाढला तर थरात कुठेतरी तापमान चढलंय किंवा ऑक्सिजन जास्त जातोय. निवडकतेची, म्हणजे रूपांतर झालेल्या एथिलीनपैकी किती ईडीसी झालं याची तुलना समान रूपांतरावरच करा. पोटॅशियमवाला त्याच तापमानाला कमी चालतो म्हणून स्वच्छ दिसतो का, की खरोखर स्वच्छ आहे, हे तापमान वाढवून रूपांतर जुळवल्यावरच कळतं.

आता बाटल्यांकडे परत

मंद उत्प्रेरक कारखान्याला का हवा असतो? फिक्स्ड बेडमध्ये उत्प्रेरकाचे पोकळ दंडगोल लांब नळ्यांत भरलेले असतात, बाहेरून पाणी उकळत उष्णता नेत असतं. ताजं मिश्रण नळीच्या तोंडाशी येतं तिथे सगळ्यात जास्त एथिलीन आणि ऑक्सिजन असतो. तिथे तेज उत्प्रेरक ठेवला तर तोंडाशीच आगीचा डोंब. तापमान चढतं, एथिलीन जळून कार्बन डायऑक्साइड होतो, तांब्याचं क्लोराइड वाफ होऊन पुढे सरकतं. म्हणून तोंडाशी कमी तांबं आणि जास्त पोटॅशियमवाला मंद थर, पुढे पुढे तेज थर. शिवाय ऑक्सिजन एकदम न देता तीन रिॲक्टरांत वाटून देतात. पोटॅशियमने तांब्याचं उडणंही कमी होतं, म्हणजे उत्प्रेरकाचं आयुष्य वाढतं.

फ्लुइडाइज्ड बेडची कथा वेगळी. तिथे उत्प्रेरक मैद्यासारखा बारीक, काही दशक मायक्रॉनचे कण, वायूच्या झोतात उकळत्या दुधासारखे घुसळत असतात. उष्णता सगळीकडे वाटली जाते, गरम ठिपक्यांची भीती जवळपास संपते. भीती असते चिकटण्याची. हायड्रोजन क्लोराइड एथिलीन-ऑक्सिजनच्या मानाने जास्त झालं की तांब्याचं क्लोराइड कणांच्या बाहेरच्या अंगाला येऊन साचतं, कण एकमेकांना धरतात, आणि बेड बसतो. भात खाली लागतो तसा. मॅग्नेशियम तांब्याला आधारावर नीट पसरलेलं ठेवतं आणि ही चिकट कमी करतं, म्हणून फ्लुइडाइज्ड बेडमध्ये त्याचा मान मोठा. इथे पोटॅशियमचा हात सैल सोडला तर वितळलेल्या मिठामुळे चिकट उलट वाढू शकते, म्हणून ते घातलंच तर बेतानं, आणि सोबत मॅग्नेशियम किंवा दुर्मिळ मृदा धातू.

पहिल्या महिन्यासाठी एवढं काम पुरे: एकच ॲल्युमिना, एकच तांबं, आणि पाच नमुने. काहीच न घातलेला, पोटॅशियम पाव मोल, पोटॅशियम अर्धा मोल, मॅग्नेशियम अर्धा मोल, आणि पोटॅशियम अर्धा मोल अधिक लँथॅनम पाव मोल (सगळी प्रमाणं एक मोल तांब्यामागे). पाचही एकाच आठवड्यात भिजवा, एकाच ओव्हनमध्ये वाळवा, आणि प्रत्येकावर दोन्ही चाचण्या. काहीच न घातलेला नमुना सुरुवातीला एकदा आणि सगळ्यात शेवटी पुन्हा एकदा चालवा. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर मधले चारही परत करायचे आहेत, आणि तो आठवडा जड जातो हे आत्ताच सांगून ठेवतो.